अंगावर माती, केसांत माती: फॅशन शूटसाठी मातीचं काम कसं करावं

श्रावण सरत आला की बडोद्यात दांडिया बाजाराच्या आसपास आजही काही मराठी घरांत शाडूचा गणपती हातानं घडवला जातो. आमच्याकडेही व्हायचा. पण लहानपणी माझं लक्ष मूर्तीपेक्षा स्वतःच्या हातांकडे जास्त असायचं. कोपरापर्यंत लागलेली शाडू पंख्याखाली वाळायला लागली की आधी बोटांची पेरं पांढरी पडायची, मग मनगट. मूठ वळली की पेरांवर केसाएवढ्या बारीक भेगा उमटायच्या आणि त्या भेगांतून कातडीचा खरा रंग डोकवायचा. आज मी याच शहरात मेकअप आणि केसांचं काम करते. शूटसाठी मातीत हात घालते तेव्हा मला अजूनही तोच क्षण पकडायचा असतो.

पहिल्या वेळी मात्र मी त्या क्षणाच्या पुढचा विचार केला नव्हता. मुलतानी माती पाण्यात कालवून मॉडेलच्या कमरेपर्यंतच्या मोकळ्या केसांना मी मुळापासून चोळली. फोटो उत्तम आले. मग सव्वातीन तास ती मुलगी बेसिनवर मान टाकून बसली होती. माती केसांत सिमेंटसारखी घट्ट झाली होती, बटा एकमेकींत अडकून जटा झाल्या होत्या. ती एकदाही चिडली नाही, मधूनमधून फक्त "ताई, जरा हळू" म्हणायची. बेसिनच्या जाळीवर तुटलेल्या केसांचा पुंजका जमलेला मी पाहिला आणि त्या दिवशी एक नियम केला, तो आजवर मोडलेला नाही: माती काढायची कशी हे ठरल्याशिवाय लावायची नाही. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका नियमातून आलंय.

कोणती माती, कोणती नाही

लेपाचा पाया म्हणून घ्यायची ती केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती. तिचा कण बारीक असतो, ती पाण्यानं फारशी फुगत नाही, त्यामुळे वाळताना आक्रसतही कमी. त्वचेला ओढ बसत नाही आणि रंग मिसळायला स्वच्छ पांढरा पाया मिळतो. मुलतानी माती तेल जोरात शोषते आणि वाळताना चांगलीच आकसते, म्हणून भेगा हव्या असतील तर ती. बेंटोनाइट पाणी पिऊन कित्येक पट फुगतं, लेपाला लोण्यासारखा चिकटपणा देतं आणि वाळलं की सगळ्यात जास्त तडकतं. शिवाय ते बहुधा अल्कधर्मी असतं, केसाचं बाहेरचं खवलं त्यानं उघडं पडतं. त्यामुळे केसांसाठी मी बेंटोनाइट वापरत नाही, आणि अंगासाठीही वापरलं तर चिमटीनंच.

गुजरातेत राहणाऱ्यांना एक मोह पडतो. बेंटोनाइट कच्छात निघतं, चिनी माती कच्छात आणि साबरकांठ्याकडे निघते, मोरबी आणि थानगढला सिरॅमिकचे कारखाने आहेत. ओळखीनं एखादी गोणी सहज मिळते. पण ती माती टाइल्ससाठी आणि कपबशांसाठी असते. तिच्यात किती वाळू, कोणते धातू आणि कोणती भेसळ आहे हे चेहऱ्याच्या हिशेबानं कुणी तपासलेलं नसतं. अंगाला लावायची ती कॉस्मेटिक ग्रेडचीच घ्या. पाकिटावर तसं छापलेलं असतं, बॅच नंबर असतो. बडोद्यातल्या मांडवीकडच्या गांधीच्या, म्हणजे जडीबुटीच्या, दुकानात सुटी मिळणारी मुलतानी घरच्या फेसपॅकला कुणी वापरत असेल, पण ज्या शूटची जबाबदारी तुमच्यावर आहे तिथे सुटा माल नको. शाडूलाही माझा नकारच आहे. ती मूर्तीची माती आहे, तिचं काम वेगळं.

नदीचा गाळ तर मुळीच नको. "खरा चिखल हवा, विश्वामित्रीवर जाऊ" असं दर दोन-तीन शूटमागे कुणीतरी सुचवतंच. विश्वामित्रीत शहराचं सांडपाणी येतं आणि तिच्या काठावर मगरी आहेत, हे बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्याच मगरी सोसायट्यांच्या रस्त्यांवर आल्या होत्या. पण मगरी नसल्या तरी माझं उत्तर हेच राहील. कुठल्याही उघड्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात, आणि मॉडेलच्या अंगावर कालच्या वॅक्सिंगच्या किंवा नव्या चपलेच्या बारीक जखमा असतातच.

प्लास्टर ऑफ पॅरिस ही माती नाही, हेही इथेच सांगते, कारण पांढरा कडक पोत हवा म्हणून ते सुचवणारे भेटतात. पाण्याशी संयोग होऊन ते घट्ट होतं आणि घट्ट होताना तापतं. इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळकरी मुलीनं कलेच्या तासाला त्यात हात बुडवून ठेवले आणि भाजल्यामुळे तिला बहुतेक बोटं गमवावी लागली. माती फक्त वाळते आणि पाणी लावलं की परत मऊ होते. प्लास्टर परत मऊ होत नाही. माझा नियम इथे आपोआप लागू पडतो.

रंगासाठी कॉस्मेटिक आयर्न ऑक्साइड घ्या: तांबडा, पिवळा, काळा. डब्यावर अनुक्रमे सीआय (कलर इंडेक्स) ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ हे आकडे असतात. कुंडीला लावायचा गेरू, रांगोळी, बाजारू कुंकू, सिरॅमिकचे स्टेन, अॅक्रेलिक यांपैकी काहीही त्वचेवर नको. ओला लेप वाळलेल्यापेक्षा बराच गडद दिसतो, म्हणून रंग ठरवताना हाताच्या आतल्या बाजूला बोटभर पट्टा ओढून पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच "हाच" म्हणायचं. सावळ्या त्वचेवर पांढऱ्या केओलिनचा पातळ हात राखाडी आणि मळकट दिसतो. तिथे चिमूटभर तांबडा आणि त्याहून थोडा जास्त पिवळा घातला की तोच थर उबदार होतो. किंवा पूर्ण पांढराच हवा असेल तर थर जाड द्यायचा, मधलं काही करायचं नाही.

तेल की पाणी

मातीत पाण्याशिवाय काय घालता यावर सगळं अवलंबून असतं. हे मला पुस्तकातून समजलं नाही, आखाड्यातून समजलं. बडोद्याला जुम्मादादा व्यायाम मंदिराची मोठी परंपरा आहे, कुस्ती इथल्या मराठी माणसाच्या जवळची. आखाड्याची लाल माती नुसती माती नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, काव मुरवतात. ती अंगाला लागते, पण अंग कोरडं करत नाही, तडकून टोचतही नाही. तेलाचा हात असला की मातीचा कण कातडीतलं तेल ओढायला तेवढा जात नाही. नामिबियातल्या हिंबा स्त्रिया लोणी आणि हेमॅटाइट या लोहखनिजाची तांबडी पूड एकत्र करून ओतजिझे बनवतात आणि अंगाला, केसांना लावतात. तिथेही तत्त्व तेच: खनिजाबरोबर स्निग्ध पदार्थ. (मूडबोर्डवर, म्हणजे शूटच्या कल्पनेच्या चित्रफलकावर, हिंबांचे फोटो लावून "असंच करा" म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते. तो त्यांचा रोजचा शृंगार आहे, त्यात वय आणि लग्न यांच्या खुणा आहेत. त्यातलं तंत्र शिकावं, वेष उचलू नये.)

न तडकणारा, सलग, मऊ लेप हवा असेल तर १०० ग्रॅम केओलिन, १५ मिली ग्लिसरीन, १० मिली हलकं तेल आणि साधारण ७० ते ८० मिली उकळून गार केलेलं पाणी. ग्लिसरीन हवेतलं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे हा लेप पूर्ण खडखडीत होत नाही. पावसाळ्यात मात्र तो चिकट राहतो, तेव्हा ग्लिसरीन निम्मं करा. भेगांचा लेप हवा तर ६० ग्रॅम केओलिन, ४० ग्रॅम मुलतानी आणि फक्त पाणी. तेल नाही, ग्लिसरीन नाही. पाण्याचा आकडा मुद्दाम देत नाही, कारण प्रत्येक मुलतानी वेगळं पाणी पिते.

आकड्यापेक्षा स्वयंपाकघरातली मापं जास्त उपयोगी. हात फिरवून पातळ रंग द्यायचा असेल तर ताकासारखं. ब्रशनं सलग थर द्यायचा तर बासुंदीसारखं. हातानं थापून पोत काढायचा, भेगा पाडायच्या तर श्रीखंडासारखं: चमचा उलटा केला तरी क्षणभर धरून राहील, मग सुटेल. माझ्या सहाय्यकेला मी ग्रॅममध्ये काही सांगत नाही. "अजून बासुंदीच आहे" म्हटलं की तिला कळतं.

माती आधी वस्त्रगाळ करा. जुन्या मलमलीतून चाळली की खडे आणि गुठळ्या वर राहतात, चेहऱ्यावर ओरखडे येत नाहीत. हे काम करताना एन-९५ मास्क लावायचा आणि पंखा बंद ठेवायचा. कोरड्या मातीच्या धुळीत सूक्ष्म सिलिका असू शकते, आणि ती वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो. कुंभारकामाच्या स्टुडिओत फरशी कधी झाडत नाहीत, ओल्या फडक्यानं पुसतात, ते यासाठीच. कालवताना पाण्यावर माती भुरभुरायची आणि अर्धा तास तशीच सोडायची. मातीवर पाणी ओतलं की गाठी झाल्याच. लेप त्याच दिवशी करा आणि उरला तर टाकून द्या. ओल्या मातीला बुरशी लवकर धरते.

आदले दोन दिवस

मॉडेलशी आधी बोलणं झालंच पाहिजे, आणि तेही एजन्सीमार्फत नाही, थेट. एक्झिमा किंवा सोरायसिस आहे का, दमा आहे का, रेटिनॉलचं क्रीम किंवा केमिकल पील चालू आहे का, केसांना नुकताच रंग किंवा केराटिन केलंय का. वॅक्सिंग, थ्रेडिंग, शेव्हिंग शूटच्या निदान ४८ तास आधी संपवायचं. ठरलेलाच लेप, ठरलेल्याच रंगासकट, कोपराच्या आतल्या बाजूला लावून अर्धा तास ठेवायचा, धुवायचा आणि दोन दिवस बघायचं. माती निरुपद्रवी वाटते म्हणून पॅच टेस्ट टाळणारे बरेच दिसतात. पण त्रास बहुतेक वेळा मातीनं होत नाही, तिच्यात मिसळलेल्या रंगानं आणि सुगंधानं होतो.

काय लावणार, कुठे, किती वेळ आणि उतरवायला किती वेळ लागेल हे मी लिहून देते. हात मातीत असले की माणसाला फोन घेता येत नाही, पाणी पिता येत नाही, नाकावरची खाज काढता येत नाही. म्हणून स्ट्रॉची बाटली आणि शेजारी फक्त तिच्यासाठी एक माणूस. लावण्याआधी बाथरूमला जाऊन यायचं, लेन्स काढायच्या, अंगठ्या काढायच्या. "बस" म्हटलं की काम तिथल्या तिथे थांबणार, हे तिला सगळ्यांसमोर सांगायचं.

केस

केसांच्या बाबतीत मी शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही, की माती केसांत भरायची नसतेच, केसांवर बसवायची असते. फोटोत दिसतो फक्त बाहेरचा पृष्ठभाग. आत सुटे, स्वच्छ केस असले तरी कॅमेऱ्याला कळत नाही.

आदल्या रात्री केस धुऊन कोरडे करून यायला सांगा, तेल नको. शूटच्या सकाळी विंचरून गुंता पूर्ण काढायचा. मग मुळापासून टोकापर्यंत सिलिकॉन नसलेल्या कंडिशनरचा सढळ हात द्यायचा. केसाच्या खवल्यांवर तो बसला की मातीचा कण आत घुसत नाही, आणि संध्याकाळी माती सुटते तीही त्याच्यामुळेच. आता केस बांधा: चापून बसवलेला अंबाडा, घट्ट वेण्या, किंवा कपाळाशी मागे ओढलेली लाट. जेल लावून आकार पक्का होऊ द्या. त्यावर केसांच्याच रंगाची बारीक जाळी पिनांनी ताणून बसवा आणि माती जाळीवर लावा. जाळी मातीला धरते, माती जाळीला धरते, आणि संध्याकाळी अर्धीअधिक माती जाळीबरोबर उचलून येते.

केसांच्या लेपाचं माझं प्रमाण: २०० ग्रॅम केओलिन, १५० ग्रॅम कंडिशनर आणि कोरफडीचं जेल लागेल तसं, श्रीखंड होईपर्यंत. पाणी जवळजवळ नाहीच. ब्रश वापरू नका, बोटांनी लावा, आणि नेहमी केसांच्या दिशेनं. उलट्या दिशेनं फिरवलेला हात म्हणजे गुंता. केसांच्या रेषेवर, कपाळ आणि कानशिलापाशी, थर पातळ करत न्यायचा, म्हणजे त्वचेवरच्या मातीशी तो मिसळून जातो. तिथली मऊ लव जाड मातीत अडकली तर काढताना डोळ्यांत पाणी येतं.

लांब, मातीनं माखलेल्या वेण्या किंवा दोरखंडासारख्या बटा हव्या असतील तर खऱ्या केसांना हात लावू नका. गंगावन घ्या. आदल्या दिवशी गंगावनाला लेप लावून, पिळून, हँगरला टांगून वाळवायचं आणि शूटच्या वेळी अंबाड्याखाली पिनांनी अडकवायचं. तुटलं, जटा झाली, तरी कुणाचं काही जात नाही. तागाच्या सुतळीचाही पोत सुंदर येतो. वजनाकडे लक्ष ठेवा: अर्धा किलो ओली माती ऐकायला थोडी वाटते, पण तासाभरात मान दुखायला लागते. मी डोक्यावर एकूण ३०० ग्रॅमच्या वर जात नाही. भरगच्च दिसायला हवं असेल तर आत थर्माकोलचा किंवा जाळीचा पोकळ आधार घालते.

त्वचा

स्वच्छ त्वचेवर आधी साधं मॉइश्चरायझर, दहा मिनिटं जिरू द्यायचं. भुवया आणि पापण्यांच्या कडांना पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, ओठांना बाम, कानांत कापसाचे बोळे. डोळ्यांभोवती एक बोट जागा कोरी सोडायची. तिथे आणि पापणीवर माती नको, तिथे लेपाच्याच रंगाचा, कॉस्मेटिक, पाण्याचा बॉडी पेंट. फोटोत सीमा कळत नाही आणि वाळलेला कण डोळ्यात जात नाही. कधी गेलाच तर चोळायचं नाही, पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरायची आणि तरी खुपत असेल तर डॉक्टर.

लेप लावायला मानेपासून सुरुवात करा, चेहरा सगळ्यात शेवटी. चेहऱ्यावरची माती आधी वाळते आणि तिचीच वेळ महत्त्वाची असते. थर सगळीकडे सारखा नको. कपाळावर आणि गालाच्या हाडावर दोन-तीन मिलिमीटर, नाकाच्या बाजूला आणि ओठांजवळ जेमतेम. जाड थराच्या भेगा रुंद आणि लांब लांब पडतात, पातळ थराच्या दाट आणि बारीक. एकाच चेहऱ्यावर दोन्ही जमल्या की माती जिवंत वाटते.

भेगांना दिशा देता येते. लेप निम्मा वाळला, बोट लावलं तर ठसा उमटत नाही पण गार लागतो, की मॉडेलला एकदाच भुवया वर करायला सांगा, गाल एकदाच फुगवायला सांगा. भेगा त्या रेषांवर पडतात आणि तिथेच राहतात. त्याआधी हसली तर माती ओली असते, भेग परत मिटते. फार उशिरा केलं तर खपलीच पडते. भेगांचा लेप चेहऱ्यावर मी ४० मिनिटांपेक्षा जास्त ठेवत नाही, कारण तोवर ओढ चांगलीच जाणवायला लागते.

पूर्ण अंगाला लावायचं असेल तर पाठ किंवा पाय, काहीतरी मोठं कोरं सोडा. त्वचा श्वास घेते असं म्हणतात ते खरं नाही, श्वास फुप्फुसंच घेतात. पण घामानं अंग गार ठेवण्याचं काम त्वचेचं असतं आणि मातीखाली ते नीट होत नाही. उलट ओल्या मातीचं पाणी उडताना अंगातली ऊब घेऊन जातं. जानेवारीच्या सकाळी मॉडेल कुडकुडते आणि मेच्या दुपारी तीच चक्कर येऊन बसते, दोन्ही मी पाहिलंय. हिवाळ्यात लेपाचं पाणी कोमट घ्या आणि हीटर लांब पण सुरू ठेवा, उन्हाळ्यात दर वीस मिनिटांनी पाणी पाजा.

कपडे आधी घालायचे आणि लेप नंतर, गळ्यातून घालायचे असतील तर नक्कीच. नुसतं केओलिन कापडाला लागलं तर पुसू नका, वाळू द्या आणि ब्रशनं झटका, निघून जातं. आयर्न ऑक्साइडचा डाग मात्र सुती कापडातून निघत नाही. कुणाच्या आईची पैठणी आणली असेल तर ती या शूटला वापरू नका.

तीन अवस्था, तीन वेळा

मातीच्या शूटचं वेळापत्रक घड्याळ ठरवत नाही, माती ठरवते. ओली असताना ती चमकते, प्रकाशाचे ठिपके धरते, त्वचेसारखी हलते. मधल्या अवस्थेत, कुंभार जिला कातड्यासारखी म्हणतात, चमक जाते पण रंग गडद राहतो आणि पृष्ठभाग मखमली दिसतो. हे जेमतेम दहा-बारा मिनिटं टिकतं आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर चित्र याच वेळात मिळतं. मग कोरडी: फिकट, भेगाळलेली, धूळ झडणारी. फोटोग्राफरला हे आधी समजावून सांगा आणि प्रत्येक अवस्थेत काय टिपायचं ते कागदावर लिहून ठेवा. नाहीतर तो लाइट बदलत राहतो आणि मधली अवस्था निघून जाते.

डिसेंबरमध्ये बंद खोलीत माझा दोन मिलिमीटरचा थर अर्ध्या-पाऊण तासात कोरडा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये दीड तासही पुरत नाही. ड्रायर वापरायचाच तर गार हवेवर आणि हातभर अंतरावरून. गरम हवेनं वरचा पापुद्रा आधी वाळतो, आत ओल राहते, आणि थर भेगाळण्याऐवजी पोपडे धरून गळतो. साधारण दिवस असा जातो: आठला मॉडेल, पावणेनऊपर्यंत तयारी, दहापर्यंत केस, पावणेअकरापर्यंत अंग आणि चेहरा, तिथून पुढे तासभर सलग शूट. पावणेबाराला उतरवायला सुरुवात, आणि त्यासाठी दोन तास राखीव. या दोन तासांतून कुणालाही पाच मिनिटंसुद्धा उसनी द्यायची नाहीत.

प्रकाशाबद्दल थोडकंच. माती मॅट असते, समोरून प्रकाश टाकला तर ती पिठासारखी सपाट दिसते. एकच कडक लाइट, कॅमेऱ्याच्या रेषेपासून जवळजवळ काटकोनात, कानाच्या उंचीवर. भेगेची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते, आणि खोली दिसते. पांढऱ्या केओलिनचे तपशील पटकन जळतात, म्हणून हिस्टोग्रामची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजळपणाच्या आलेखाची, उजवी कड सतत बघत राहायचं. जवळून टिपायला ९० किंवा १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, अॅपर्चर एफ ८ ते एफ ११. कोरड्या अवस्थेत त्या खोलीत लेन्स बदलायची नाही, धूळ थेट सेन्सरवर बसते. बाहेर जायचं असेल तर मही नदीची कोतरं, म्हणजे घळी, मातीच्या रंगाला फार शोभून दिसतात. चांपानेरचे दगड त्याहून जास्त, पण तिथल्या संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते. कुठेही गेलात तरी उतरवण्यापुरतं पाणी, माणशी किमान ४० लिटर, गाडीत हवं. कोरडी माती अंगावर घेऊन कुणाला तासभर प्रवास करायला लावू नका.

उतरवणं

वाळलेली माती ओढायची नाही, खरवडायची नाही. कोमट पाण्याचा फवारा मारायचा, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा फवारा. माती ज्या रस्त्यानं आली त्याच रस्त्यानं परत जाते: खडखडीत, मग कातडी, मग श्रीखंड. ती पुन्हा श्रीखंड झाली की ओल्या मलमलीनं वरून खाली, एकाच ओढीत उचलायची. दरवेळी कापडाची स्वच्छ बाजू. चेहऱ्यावर साबण लागतच नाही. शेवटी मॉइश्चरायझर दोनदा, दहा मिनिटांच्या अंतरानं. त्या दिवशी स्क्रब नको, टोनर नको, दुसरा मेकअप नको.

केसांत आधी पिना काढा, मग जाळी भिजवून कडेनं उचला. उरलेल्या मातीवर शाम्पू लगेच घालू नका. फेस काढायला आपण चोळतो आणि चोळलं की मातीचा कण सँडपेपरसारखा चालतो, त्यात ओला केस सगळ्यात नाजूक. नुसतं पाणी, भरपूर, सलूनसारखी मान मागे टाकून, बोटं न फिरवता, पाणी गढूळ होणं थांबेपर्यंत. मग कंडिशनर ओंजळभर, रुंद दातांचा कंगवा, आणि टोकांपासून वर. एक एक वीत. मग पाणी, पुन्हा कंडिशनर. शाम्पू सगळ्यात शेवटी, एकदाच. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटच्या तांब्यात चमचाभर व्हिनेगर. आता मला यासाठी पन्नास मिनिटं लागतात.

हे पाणी मोरीत सोडायचं नाही. माती पाइपच्या वळणात बसते आणि दगड होते. मी टबातच धुते, टब रात्रभर तसाच ठेवते. सकाळी वर नितळ पाणी आणि खाली पांढरा गाळ असतो. पाणी ओतून देते, गाळ वर्तमानपत्रावर वाळवून कचऱ्यात. एकाच्या अंगावरची माती दुसऱ्याच्या अंगावर कधी जात नाही.

टब रिकामा करून झाला की मॉडेलला फोन करते. चेहरा कुठे लाल आहे का, डोक्यात खाज आहे का, विंचरताना केस जास्त येतायत का. परवा पुन्हा एकदा तेच विचारते, कारण रंगाची अॅलर्जी कधीकधी दोन दिवसांनी उमटते. तिची उत्तरं त्या शूटच्या वहीत, लेपाच्या प्रमाणाखाली, तारखेसकट लिहून ठेवते.